वाटीकडून वजनकाट्याकडे

पाककलेच्या वर्गात नव्याने आलेल्या मुलाला बहुधा लगेच गॅस पेटवायला मिळत नाही. आधी चॉपिंग बोर्डखाली ओलं फडकं घालायचं, म्हणजे बोर्ड सरकत नाही. सुरीचं पातं अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरायचं, दुसऱ्या हाताची बोटं आत वळवायची आणि गाजराचे तीन-तीन मिलिमीटरचे चौकोनी तुकडे करायचे. पाहणाऱ्याला हा हट्ट वाटतो. पण तुकडे एका मापाचे असले तरच ते एका वेळी शिजतात.

आपल्याकडे या शिक्षणाची पायवाट मुंबईहून निघाली. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये तिथे केटरिंग कॉलेज सुरू झालं. पुढे तिथल्या प्राचार्य झालेल्या थंगम फिलिप यांचं 'मॉडर्न कुकरी' हे पुस्तक देशभरच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासलं. आज पदवीच्या खर्चात न पडताही शिकता येतं. आयटीआयचा 'फूड प्रॉडक्शन' हा दहावीनंतरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे.

या वर्षात मुलाच्या हातात वाटीऐवजी वजनकाटा येतो. १९७० मध्ये आलेल्या 'रुचिरा' या पाककृतींच्या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या प्रमाणावर घराघरांतल्या नवशिक्यांना स्वयंपाक शिकवला आणि घरासाठी ते प्रमाण पुरतं. पण रवा जाड की बारीक, वाटी सपाट की शिगोशीग, यावर वजन बदलतं. शिवाय चौघांच्या आमटीचं सगळं साहित्य पंचवीसपट केलं म्हणून शंभर जणांची आमटी जमत नाही. पातेल्याचं तोंड पंचवीसपट रुंद होत नाही, त्या मानाने वाफ कमी जाते आणि पाणी त्याच हिशेबाने ओतलं तर आमटी पातळच राहते. हे एकदा स्वतःच्या पातेल्यात पाहिलेला मुलगा पुढे पाणी हात राखून घालतो.

दुसरा धडा थर्मामीटरचा. ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. भात शिजला तरी त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू तग धरतात. मोठ्या पातेल्यातला भात तासन्‌तास कोमट राहिला, तर ते पुन्हा वाढीला लागतात. म्हणून उरलेला भात पसरट ट्रेमध्ये पातळ पसरून लवकर गार करायचा आणि फ्रीजमध्ये ठेवायचा. लग्नाच्या पंगतीतली विषबाधा अशा साध्या सवयीने टळू शकते.

हे सारं शिकायला छोटं कॉलेज उणं ठरत नाही. पंधरा-वीस मुलांच्या तुकडीत प्रत्येकाची फोडणी एकदा तरी करपते आणि शिक्षकांना ती करपताना दिसते. प्रवेश घेण्याआधी इमारत पाहू नका. एका शेगडीमागे किती मुलं, आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती आणि शेवटी प्रत्यक्ष हॉटेलच्या किचनमध्ये उमेदवारी मिळते का, एवढं विचारा.

आणि शिक्षकांना एक विनंती. व्हाइट सॉससाठी मैदा आणि लोणी समवजन घ्यायचं, हे मुलं पाठ करतात. तितक्याच काटेकोरपणे त्यांना घरचा गोडा मसालाही लिहायला लावा. आई मूठभर धणे घेईल तेव्हा ती मूठ काट्यावर रिकामी करून घ्यायची, ग्रॅम वहीत टिपायचे आणि मगच धणे कढईत टाकायचे. मग आईच्या हातची चव त्या घराबाहेर, शंभर जणांच्या पानातही वाढता येईल.