ओळ वर, ओळ खाली

गॅलीतली, म्हणजे जुळवलेले खिळे ठेवायच्या तबकातली, तिसरी ओळ पहिलीच्या जागी न्यायची, तर शिशाच्या जमान्यात ते दोन्ही हातांचं काम होतं. कोल्हापुरात ‘पुढारी’ १९३९ साली दैनिक झाला, तेव्हा मराठी छपाई म्हणजे मुख्यत्वे हातजुळणीच. दोन लेडपट्ट्यांच्या मध्ये ओळ दाबून धरायची, अलगद उचलायची आणि नव्या जागी बसवायची. पकड सैल झाली की खिळे गडगडलेच, मग ते निवडत बसा. त्यातही काना-मात्रांचे बारीक तुकडे वेगळे असले की आणखी पंचाईत. त्यामुळे अनुभवी जुळारी लेखकाला आधीच बजावायचे: ओळी हलवायच्या असतील तर कागदावरच हलवून द्या.

संगणक आल्यावर ही अट गेली, पण ओळ हलवणं लगेच सोपं झालं असं नाही. १९७८ च्या वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल-के दाबून बी म्हणजे ब्लॉकची सुरुवात, कंट्रोल-के दाबून के म्हणजे शेवट, मग कर्सर हव्या त्या जागी नेऊन कंट्रोल-के, व्ही. एक ओळ सरकवायला एवढी कवायत. हाच वारसा सी भाषेतले प्रोग्राम लिहायच्या बोरलँडच्या टर्बो सीने उचलला आणि तो महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी कॉलेजांत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला. कोल्हापूरकडे पाहिलं तर गोकुळ शिरगावचं केआयटी १९८३ मधलं, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील १९८४ मधलं. अशा कॉलेजांतल्या अनेक इंजिनिअरांची बोटं याच निळ्या पडद्यावर वळली. तिथे कंट्रोल-वाय दाबलं की आख्खी ओळ उडायची. पुढे विंडोजच्या बहुतेक प्रोग्राममध्ये तीच जोडी ‘रिडू’ झाली आणि जुन्या बोटांची गोची झाली.

गंमत म्हणजे कळा बदलण्याची सोय तेव्हाही होती. टर्बो सी २.० बरोबर टीसीइन्स्ट नावाचा छोटा प्रोग्राम यायचा. त्यात एडिटरच्या आज्ञा हव्या त्या कळांवर नेता येत. पण लॅबचं मशीन आज आपलं, उद्या दुसऱ्याचं. तिथे स्वतःच्या सवयी कोण पेरणार? शॉर्टकट आपल्या मनाप्रमाणे करणं ही चैन स्वतःचा संगणक असलेल्यालाच परवडते, हे शॉर्टकटवरच्या लेखांत सहसा कुणी लिहीत नाही.

युनिक्सवाल्यांचा सगळा कारभारच वेगळा. त्यांच्या व्हीआय या एडिटरमध्ये डी दोनदा आणि पी एकदा दाबलं की ओळ एक घर खाली. यापेक्षा आटोपशीर काही असूच शकत नाही, असं मानणारे आजही भेटतात आणि इंग्रजीपुरतं त्यांचं खरंही आहे. पण मराठी मजकूर लिहिणारा माणूस इथे अडकतो. १९८६ मध्ये प्रमाण ठरलेल्या इनस्क्रिप्ट या कळमांडणीत डीच्या कळेवर हलन्त असतो आणि पीवर ज. मराठी चालू ठेवून डी-डी-पी मारलं तर व्हिमला, म्हणजे व्हीआयच्या सुधारित अवताराला, मिळतात दोन हलन्त आणि एक ज. पडदा ढिम्म. मराठी अक्षरं आज्ञांपुरती इंग्रजी कळा मानायची, अशी लँगमॅपची तोड व्हिममध्ये आहे म्हणा, पण तिथवर पोचेपर्यंत बहुतेकांनी माउस हातात घेतलेला असतो.

म्हणून माझ्या लेखी खरी सुटका केली ती बाणाच्या कळांनी. बाणाला लिपी नाही. इंग्रजी असो, मराठी असो, वरचा बाण वरच जातो. कोड लिहायचं एक्लिप्स २००१ मध्ये आलं. त्यातलं ओळ हलवायला ऑल्ट धरून बाण दाबणं अनेकांना पहिल्यांदा भेटलं ते जावा शिकताना. २०१५ मध्ये आलेल्या व्हीएस कोडनेही तीच जोडी ठेवली. नोटपॅड प्लस प्लसने मात्र कंट्रोल-शिफ्ट घेतलं, वर्डमध्ये परिच्छेद हलवायला ऑल्ट-शिफ्ट. एकवाक्यता नाहीच. त्यात व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-ऑल्ट-बाण म्हणजे जादा कर्सर, आणि जुन्या इंटेल ग्राफिक्सच्या मशीनवर तीच जोडी पडदा फिरवायची. क्लासमध्ये मागच्या बाकावरून हाक ठरलेली: “सर, स्क्रीन उलटी झाली की!” शेजारचा लगेच, “भावा, तू उलटा बस.”

आता कळा बदलणं अगदी सोपं आहे. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-के, मग कंट्रोल-एस, यादी उघडते. (पुन्हा कंट्रोल-केच! वर्डस्टारमध्ये कंट्रोल-के, एस म्हणजे फाइल सेव्ह.) ‘मूव्ह लाइन अप’ शोधायचं, नवी जोडी दाबायची, एंटर. आधीची जोडी काढायची तर कीबाइंडिंग्जच्या फाइलमध्ये आज्ञेच्या नावाआधी वजाचं चिन्ह. लॅपटॉपवरचे अर्धवट बाण नको झालेले बरेच जण ऑल्टसोबत जे आणि के घेतात. इंग्रजीतच काम असेल तर खुशाल घ्यावं. मात्र टर्मिनलमधल्या व्हिममध्ये अशी जोडणी केली आणि मराठी चालू राहिली, तर के म्हणजे क आणि जे म्हणजे र. पुन्हा तेच रडगाणं.

मराठी टंकणाऱ्याने आधी हलवायची ती वेगळीच जोडी. विंडोजवर डावं ऑल्ट आणि शिफ्ट सोबत दाबून सोडलं की भाषा बदलते. वर्डमध्ये परिच्छेद सरकवायला तेच दोन धरले आणि बाणाआधी बोट उचललं, की पुढचं वाक्य भलत्याच लिपीत. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषेच्या हॉट-कीला ‘नॉट असाइन्ड’ करून टाकावं. भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेसबार आहेतच, आणि ऑल्ट-शिफ्ट बाणांसाठी मोकळं होतं.