समजते, पण सुटत नाही!

कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या कोणत्याही अध्यापकाला विचारावे. विद्यार्थ्यांची एक तक्रार त्याच्या कानांवर दरवर्षी हटकून पडते. ‘सर, थिअरी समजते, पण गणिते सुटत नाहीत.’ दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळविलेला मुलगा अकरावीच्या पहिल्याच चाचणीत गडगडतो. घरचे म्हणतात, अभ्यास कमी पडला. शेजारी म्हणतात, शिकवणी बदला. आणि मुलगा मनाशी ठरवून टाकतो की, हा विषय आपल्याला झेपणारा नाही. मराठी माध्यमातून एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तकापुढे येऊन पडलेल्या खेड्यातील मुलाच्या बाबतीत तर हा निकाल फारच लवकर लागतो. हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. उणीव बुद्धीची नसते, सवयीची असते. आणि सवय लावता येते.

प्रथम या तक्रारीतील ‘समजते’ या शब्दाचाच विचार करू. अध्यापक फळ्यावर उदाहरण सोडवितात तेव्हा त्यातील प्रत्येक पायरी विद्यार्थ्याला पटते. पुस्तकातील सोडविलेले उदाहरण वाचतानाही तसेच वाटते. परंतु दुसऱ्याने पाडलेल्या वाटेने चालणे निराळे आणि स्वतः वाट शोधणे निराळे. प्रश्नपत्रिकेत पहिली पायरी कोणती हे सांगणारे कोणी नसते, आणि घोडे नेमके तेथेच अडते.

ते का अडते, याचा उलगडा मिशेलीन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या व १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून होतो. त्यांनी यामिकीची काही गणिते नवशिक्या विद्यार्थ्यांना आणि पदार्थविज्ञानात डॉक्टरेट करणाऱ्यांना देऊन त्यांचे गट पाडावयास सांगितले. नवशिक्यांनी उतरणीची गणिते एकत्र केली, स्प्रिंगची एकत्र केली. जाणकारांनी मात्र ज्यांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे अशी गणिते एकत्र ठेवली, मग वरून ती कितीही वेगळी दिसोत.

साधे उदाहरण घेऊ. वीस मीटर उंचीच्या माडावरून नारळ पडला. जमिनीवर आदळताना त्याचा वेग किती? तितक्याच उंचीच्या, घर्षण नसलेल्या उतरणीवरून एक ठोकळा घसरत आला; पायथ्याशी त्याचा वेग किती? नवशिका पहिल्यासाठी मुक्त पतनाचे सूत्र आठवतो आणि दुसऱ्यापाशी ‘उतरणीचा कोन दिलेला नाही’ म्हणून थांबतो. जाणकाराला दोन्हींत एकच गोष्ट दिसते: उंचीमुळे असलेली स्थितिज ऊर्जा गतिज ऊर्जेत बदलली. हवेचा विरोध सोडून दिला तर दोन्हींचे उत्तर एकच, सेकंदाला सुमारे १९.८ मीटर.

ही दृष्टी अंगी कशी बाणवावी? जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात चार पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. पदार्थविज्ञानात त्यांचा अर्थ असा. सूत्राकडे धाव घेण्यापूर्वी आकृती काढावी आणि काय घडत आहे ते स्वतःच्या शब्दांत लिहावे. इंग्रजी प्रश्न खुशाल मराठीत मांडावा. त्यात कमीपणा काही नाही. मग येथे कोणते तत्त्व लागू पडते आणि का, हे एका वाक्यात लिहावे. अंक घालण्याची घाई करू नये. अक्षरांतच सोडविले तर वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटते आणि नारळ जड असो वा हलका, वेग तोच, ही गोष्ट आपोआप उघड होते.

चौथ्या पायरीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. वर्गमूळ काढावयाचे विसरून एखादा विद्यार्थी उत्तर ३९२ लिहितो आणि खाली दोन रेघा ओढून मोकळा होतो. क्षणभर थांबला असता तर त्याच्या ध्यानात आले असते की, हा नारळ हवेतील ध्वनीपेक्षाही वेगाने धावतो आहे! खरे उत्तर ताशी सुमारे ७१ किलोमीटर, म्हणजे मोकळ्या रस्त्यावरील एसटीच्या वेगाएवढे. उत्तर अनुभवाशी ताडून पाहणे हा अभ्यासाचाच भाग होय.

दुसरी सवय पुस्तक मिटण्याची. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ सालच्या प्रयोगांत मजकूर पुनःपुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचून झाल्यावर आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री वीस सोडविलेली उदाहरणे वाचण्यापेक्षा रोज दोन उदाहरणे पुस्तक मिटून सोडविणे, आणि अडल्यास लगेच उत्तर न पाहता थोडे झगडणे, हे अधिक फलदायी.

सारा भार विद्यार्थ्यावर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझुर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना न्यूटनच्या नियमांवर साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न विचारले, तेव्हा एकाने विचारले की, तुम्ही शिकविले तसे उत्तर द्यावयाचे की मला वाटते तसे? एसटी आणि रिक्षा यांच्या टकरीत कोणाचे बल जास्त, असे आपल्याकडे विचारले तरी अनेक हात एसटीच्या बाजूने वर होतील. बले समान असतात, हा तिसरा नियम त्याच मुलांना तोंडपाठ असतो! माझुर यांनी १९९१ पासून व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न विचारण्याची, उत्तरे घेण्याची आणि शेजाऱ्याशी वाद घालून पुन्हा उत्तर देण्यास सांगण्याची रीत सुरू केली. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली सुमारे साडेसहा हजार विद्यार्थ्यांच्या चाचण्यांचा आढावा घेतला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत शक्य असलेल्या प्रगतीपैकी सरासरी २३ टक्केच साधली होती. विद्यार्थ्यांना विचार व चर्चा करावयास लावणाऱ्या वर्गांत ती ४८ टक्के होती.

यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. खचाखच भरलेल्या वर्गातही हात वर करता येतात. अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई आहे हे खरे. परंतु अध्यापकाने पुरा केलेला अभ्यासक्रम विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलाच नसेल तर पुरे झाले ते काय? तासातील पाच मिनिटे एका प्रश्नासाठी राखून ठेवली, आणि उत्तरपत्रिकेत आकृतीला व तत्त्वाच्या एका वाक्याला गुण दिले, तरी ‘मला हा विषय झेपत नाही’ म्हणून विज्ञानाचा दरवाजा लावून घेणारी काही मुले पुन्हा वही उघडतील.