इटियाडोहच्या पाहुण्यांची पाठवणी

अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावाजवळ गाढवी नदी अडवून इटियाडोहचे धरण बांधण्यात आले. त्याच्या पाण्यावर उन्हाळी धान उभे राहते, हे सर्वविदित आहेच. परंतु याच पाण्यावर दरवर्षी हिवाळ्यात दूरदेशीची पाखरे उतरतात व उन्हे तापू लागताच परततात. ही परतीची घाई पाहण्यास पक्षिमित्रांच्या तुकड्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटेच जलाशयाच्या काठी जातात.

सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरून ही मंडळी बसतात. थव्यातील दहा पाखरे मोजावयाची, तेवढा पट्टा नजरेत धरावयाचा व तसे किती पट्टे भरतात ते पाहावयाचे, अशी मोजणीची सोपी रीत आहे. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, मोठी लालसरी ही नावे वहीत चढतात. अडई मात्र येथलीच रहिवासी. तिला पाहुण्यांत धरू नये.

या भागातील तलावांवर येणारा पट्टकादंब तिबेट व मंगोलियाच्या बाजूस वीण घालतो. हिमालय ओलांडताना तो सुमारे ७,००० मीटर उंचीपर्यंत गेल्याचे त्याच्या अंगावर बसविलेल्या यंत्रांनी नोंदविले आहे. गोठणगावच्या परिसरात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. पाखरांची व माणसांची वाट अशी एकाच दिशेची ठरावी, हा योगायोग मोठा विलक्षण होय.

आता शेतकऱ्याची तक्रार. ती खोटी नव्हे. उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकल्यावर चिखलावरील मोड आलेले बी बदके रात्रीतून वेचतात, आणि सकाळी बांधीत रिकामी जागा पाहून कोणाचाही संताप व्हावा. या संतापातच काही हात विषारी दाण्यांकडे वळतात. कार्बोफ्युरानचे थोडे दाणेही पाखरास पुरेसे घातक असतात. फोरेट तर ३१ डिसेंबर २०२० नंतर विक्री व वापरास पूर्ण बंद झालेले आहे. जुना साठा कोठे पडून असल्यास तो शेतात टाकू नये. विष बदकापुरते थांबत नाही. बांधीचे पाणी नाल्यात, नाल्याचे तलावात जाते, आणि तेथे ढिवर बांधवांची मासळी व गावची गुरे त्याच पाण्यावर असतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पाखरे मारणे हा गुन्हा आहे.

त्यापेक्षा पऱ्ह्याची जागा जलाशयापासून शक्य तितकी दूर व घराजवळ निवडावी. बी फेकल्यानंतर त्यावर कुजलेल्या शेणखताचा पातळ थर द्यावा. पहिला आठवडाभर रात्री साचलेले पाणी काढून टाकावे. उथळ पाणी दिसले की बदके उतरतात. लहान पऱ्ह्यावर जाळी ताणणे परवडते. शेजारच्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी पऱ्हे टाकल्यास राखणीच्या पाळ्या लावता येतात.

कापणी झालेल्या बांधीत मात्र हीच बदके सांडलेले दाणे व तणांचे बी खातात. ती बाजूही हिशेबात धरली पाहिजे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक साधी वही ठेवावी. कोणत्या तलावावर कोणते पाखरू प्रथम दिसले, शेवटचा थवा कोणत्या तारखेस उडाला व पऱ्ह्यांची नासाडी कोठे झाली, एवढेच लिहावे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या म्हणजे आपल्या गावी पऱ्हे कोणत्या आठवड्यात टाकावे, हे त्या वहीवरून ठरविता येईल.