टोमॅटोवरील पांढरी माशी : ढालकिडे सोडण्यापूर्वी

कळस (ता. इंदापूर) आणि बारामतीच्या जिरायती-बागायती पट्ट्यात शेडनेट, पॉलिहाउसमध्ये टोमॅटो घेणारे शेतकरी हल्ली विचारतात, "पांढऱ्या माशीसाठी ढालकिडे सोडले तर फवारण्या वाचतील का?" काही प्रमाणात वाचतील, पण कोणता ढालकिडा आणि कधी, हे आधी पाहावे लागते.

द्राक्ष, डाळिंबामुळे आपल्याकडे ओळखीचा झालेला भुंगेरा म्हणजे क्रिप्टोलिमस. १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला हा कीटक पिठ्या ढेकणाचा शत्रू आहे. पांढऱ्या माशीसाठी तो विकत घेऊन पैसे घालवू नयेत. पांढऱ्या माशीची अंडी व पिल्ले आवडीने खाणारा ढालकिडा सेरँजियम. तो जेमतेम २ मि.मी. लांब, त्यामुळे सहसा नजरेत भरत नाही. मका, ज्वारीवर मावा खाणारा सहा ठिपक्यांचा ढालकिडाही पांढऱ्या माशीची पिल्ले खातो, पण मावा मिळाला तर आधी तिकडे वळतो.

टोमॅटोची एक वेगळी अडचण आहे. पानांवरील चिकट लवीमुळे ढालकिड्यांच्या अळ्यांना फिरणे जड जाते. म्हणून वांग्यावर दिसणारा परिणाम टोमॅटोवर तसाच मिळेल असे धरू नये.

खरा धोका रस शोषण्याचा नाही, पर्णगुच्छ (लीफ कर्ल) विषाणूचा आहे. बाहेरून आलेल्या थोड्या माश्याही तो पसरवतात, आणि ढालकिडा मुख्यतः पानाखालची अंडी-पिल्ले खातो, उडती माशी नाही. म्हणून रोपे ४० ते ५० मेशच्या जाळीत वाढवावीत. दुहेरी दरवाजा ठेवावा, फाटलेली जाळी लगेच शिवावी. लागवडीनंतरचे पहिले दीड महिने सर्वांत जोखमीचे. या काळात रोगट झाड दिसताच पिशवीत घालून काढावे. केवळ मित्रकीटकांच्या भरवशावर हा काळ काढणे मला धोक्याचे वाटते.

पिवळे चिकट सापळे पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर लावावेत. माश्या कमी असतानाच, संध्याकाळी ढालकिडे सोडावेत. प्रादुर्भाव वाढल्यावर ते पुरे पडत नाहीत. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम किंवा सिंथेटिक पायरेथ्रॉइड नुकतेच वापरले असेल तर ढालकिडे सोडू नयेत, मरतात. मुंग्यांचाही बंदोबस्त करावा. मधासारख्या चिकट स्रावासाठी त्या माशीच्या पिल्लांची राखण करतात.

शेडनेटभोवती मक्याच्या दोन-तीन ओळी लावाव्यात. त्यावरील माव्यावर ढालकिडे वाढतात आणि बाहेरून येणाऱ्या माशीलाही थोडा अडसर होतो. पानाखाली काटेरी, काळसर अळी दिसली तर औषध मारण्यापूर्वी भिंग लावून पाहावे. ती बहुधा ढालकिड्याचीच असते. खात्री नसेल तर ते पान कृषी विज्ञान केंद्र, बारामती येथे दाखवावे.