डोक्यावर लहानपणापासून चट्टा. हेअर ट्रान्सप्लांट करावे का?

बीड : लग्नासाठी स्थळे पाहायला सुरुवात झाली की टोपीखाली झाकलेला चट्टा आठवतो आणि नेमकी तेव्हाच मोबाइलवर हेअर ट्रान्सप्लांटची जाहिरात दिसते. पैसे भरण्याआधी हा चट्टा कशाचा, ते तपासा.

चाई असेल तर शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करते. मुळे बहुधा जिवंत असतात, त्यामुळे औषध-इंजेक्शनने केस परत येऊ शकतात. कधी आपोआपही येतात. डोक्यामागचे केस काढून तिथे लावले, तर हल्ला त्यांच्यावरही होऊ शकतो. शिवाय मागून काढलेले मूळ तिथे पुन्हा उगवत नाही. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

भाजल्याचा जुना व्रण किंवा कानशिलाजवळचा, वर्षानुवर्षे तेवढाच राहिलेला त्रिकोणी चट्टा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ट्रान्सप्लांट उपयोगी पडते. व्रणात मात्र रक्तपुरवठा कमी असल्याने सगळी मुळे धरतीलच असे नाही.

हा फरक आरशात पाहून कळत नाही, त्वचारोगतज्ज्ञच सांगू शकतात. जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. आधी तिथे दाखवता येईल. आणि शस्त्रक्रिया कोण करणार, हेही विचारा. यूट्यूब किंवा कार्यशाळा पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे.