धक्क्यावर उतरलेली साथ

१५ मार्च २०२० रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याकडे रो-रो बोट सुरू झाली. गाडीसकट बोटीत चढावे आणि तासाभरात अलिबाग तालुक्यात उतरावे, ही सोय किनाऱ्याला केव्हाची हवी होती. त्याआधी दोनच दिवस राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला होता आणि पुढच्या दहा दिवसांत देशभर टाळेबंदी आली. बंद पडलेली बोट ऑगस्टमध्ये पुन्हा सुटली. उरणपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या पट्ट्याचे मुंबईशी असलेले नाते त्या काही महिन्यांत जितके उघडे पडले, तितके एरवी पडत नाही. मासळी मुंबईला जाते, नारळ-सुपारी जाते, मुले कामाला जातात, आणि आजार बळावला की रोग्यालाही तिकडेच न्यायचे असते. साथ येते तीही तिकडूनच. ती आणणारा माणूस मात्र परका नसतो. त्याचे गावात घर असते, रेशनकार्डावर नाव असते, घरात म्हातारे आईवडील असतात. म्हणून रायगड जिल्ह्याच्या आरोग्य विभागाची तयारी मोजायची झाली तर येणाऱ्यांना किती अडवले हा हिशेब कामाचा नाही. आलेल्याला किती लवकर शोधले, तपासले आणि सांभाळून घेतले, हा हिशेब मांडायला हवा. असा हिशेब मांडला की उत्तर जंबो रुग्णालयांपाशी सापडत नाही, गावातल्या उपकेंद्रापाशी सापडते, असे माझे म्हणणे आहे.

हे काही करोनापासून सुरू झालेले नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती पळाली. गिरणीकामगारांचा मोठा भाग कोकणातला, त्यामुळे हा लोंढा गलबतांतून, आगबोटींतून आणि पायी दक्षिणेकडे आला. त्याच घाईत, फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा मंजूर झाला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. प्रवाशांची तपासणी करणे, संशयितांना रुग्णालयात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवणे, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा करणे, म्हणजे सरकारला काय काय करता येईल ते सारे त्यात आहे. सरकारने काय केलेच पाहिजे, याचा शब्द नाही. गावात दवाखाना असावा, वेगळ्या ठेवलेल्या माणसाचे जेवणखाण कोणी पाहावे, त्याच्या घरी कोणी जावे, हे कायद्याच्या कक्षेतच आलेले नाही. पुण्यात घरझडत्यांनी लोक इतके दुखावले की २२ जून १८९७ रोजी प्लेग कमिटीचे रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आरोग्याच्या दृष्टीने त्याहून मोठे नुकसान हे झाले की लोक रोगी लपवू लागले. लपवलेला रोगी हाच साथीचा सर्वांत मोठा आधार असतो. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा याच वाटेने आला. जूनमध्ये मुंबई बंदरावर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने पडले, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत मुंबई इलाख्यातली दहा लाखांहून अधिक माणसे गेली, आणि त्याच वर्षी पाऊसही फसल्याने अंगात ताकद नसलेली शरीरे तापाच्या तोंडी पडली. त्या वेळी खेड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र नावाची गोष्टच नव्हती. ती कल्पना भोर समितीने १९४६ च्या अहवालात मांडली.

आज ती गोष्ट आहे, पण तिचे मालक अनेक आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेची, त्यांचे प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये आणि अलिबागचे जिल्हा रुग्णालय राज्य शासनाचे, त्यांचे प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, तिचा आरोग्य विभाग स्वतंत्र. नगरपरिषदांकडे सफाईची यंत्रणा असते, पण घरोघर जाणारी आरोग्यसेविका फारशी नसते. न्हावा-शेवा बंदरावर जहाजांची आरोग्यतपासणी करणारे कार्यालय थेट केंद्राचे. साथ आली की आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी हे सारे धागे हातात घेतात, रोज संध्याकाळी एकत्र आकडे येतात आणि यंत्रणा एका अंगाने चालू लागते. साथ ओसरली की धागे पुन्हा आपापल्या रिळावर जातात. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला मुंबई विमानतळावर नेमणुकीला असलेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे अकरा जवान पनवेल परिसरात बाधित आढळले. काम मुंबईत, मुक्काम रायगडमध्ये आणि तपासणीही मुंबईत, कारण पहिल्या महिन्यांत जिल्ह्यातले घशातील स्रावाचे नमुने तिकडेच पाठवावे लागत. एका रुग्णाच्या संपर्कातली माणसे शोधायला किती कार्यालयांनी एकमेकांना फोन करायचे, हा प्रश्न त्या पहिल्याच आठवड्यांत उभा राहिला होता.

मे महिन्यात चाकरमानी गावी परतू लागले. गावोगाव ग्राम कृती दले झाली होती. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, आशा आणि अंगणवाडी सेविका त्यांत होत्या. काही गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकले, काहींनी शाळा झाडून-पुसून येणाऱ्यांची राहण्याची सोय केली. दोन्ही गोष्टी त्याच कोकणात, त्याच भीतीपोटी घडल्या. पुढे गणपती आले. २२ ऑगस्टची चतुर्थी धरून राज्य सरकारने गृहविलगीकरण चौदावरून दहा दिवसांवर आणले आणि १२ ऑगस्टनंतर निघणाऱ्यांना आधी चाचणी सक्तीची केली. या निर्णयातले शहाणपण माझ्या मते पुरेसे ओळखले गेलेले नाही. लोक येणारच, हे शासनाने त्यात मान्य केले आणि येण्याचे वेळापत्रक आखून दिले. अडवण्याचा हुकूम काढला असता तर माणसे आडवाटांनी आली असती आणि कुठल्याच वहीत आली नसती.

आलेल्यांना सांभाळण्याचे काम कोणी केले, ते जवळून पाहण्यासारखे आहे. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. पडवीत उभे राहून कपाळासमोर थर्मामीटर धरायचा, मग बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे. कोळीवाड्यात बर्फातली मासळी निवडून उठलेल्या बाईचे बोट गार आणि ओले असते. अशा बोटावर यंत्र खोटा कमी आकडा दाखवते. म्हणून हात पुसायला सांगायचा, बोटे चोळून ऊब आणायची, नखावर रंग असेल तर दुसरे बोट घ्यायचे आणि पुन्हा मोजायचे. तरीही आकडा ९५ च्या खाली राहिला तर ताप तपासणी केंद्रात जायला समजावायचे, आणि ‘नेले की परत आणत नाहीत’ ही भीती घरातून काढायची. यातले शेवटचे काम कुठल्याही प्रशिक्षणात दोन दिवसांत शिकवता येत नाही. त्या घरातल्या बाळाच्या लसी, सुनेचे बाळंतपण आणि म्हाताऱ्याची रक्तदाबाची गोळी जिने आधी पाहिली आहे, तिचाच शब्द तिथे चालतो. आणि ही आशा कागदोपत्री स्वयंसेविका आहे, कामागणिक मोबदला घेणारी. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या तेव्हा त्यांच्या पदरात महिना एक हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये करोनाभत्ता पडला. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सर्व आशांचा गौरव केला. तो योग्यच होता, पण गौरवाने मासिक वेतन ठरत नाही.

किनाऱ्याला साथ एकटी गाठत नाही, हे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दाखवले. अलिबागच्या दक्षिणेला वादळ जमिनीवर आले. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्याआधी हजारो माणसांना पक्क्या इमारतींत हलवायचे होते, आणि गावातली पक्की इमारत म्हणजे शाळा. अनेक ठिकाणी त्याच शाळांत मुंबईहून आलेले लोक विलगीकरणात होते. अंतर ठेवा म्हणणारा आदेश आणि एका छताखाली या म्हणणारा आदेश एकाच दिवशी पाळायची वेळ आली. नंतर वीज आणि फोन कित्येक दिवस, आडगावांत तर कित्येक आठवडे नव्हते. आरोग्य केंद्रातल्या लसी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायच्या असतात आणि त्यांच्या शीतपेटीचे तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहायचे असते. वीज गेली की जनरेटर, डिझेल, आणि रस्त्यावर पडलेली झाडे तोडून ते डिझेल आणणारा माणूस, या सगळ्यांवर ती लस अवलंबून. साथीचा आराखडा आरोग्य विभागाच्या कपाटात आणि वादळाचा आराखडा महसूल विभागाच्या कपाटात, अशी विभागणी ज्या किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर काहीही होऊ शकते, तिथे चालणार नाही.

उपकेंद्राला असे महत्त्व देण्यावर पहिला आक्षेप असा की वेशी बंद केल्यामुळेच वेळ मिळाला. हे खरे आहे आणि त्याचे मोल कमी लेखू नये. उशिरा आजारी पडलेल्या माणसाला आधीच्यापेक्षा चांगले उपचार मिळाले, आणि १६ जानेवारी २०२१ पर्यंत जो सुखरूप राहिला त्याच्यासाठी लस आली. पण मिळालेला वेळ आपोआप उपयोगी पडत नाही. त्या वेळात कोणी तरी वाडीवाडीतल्या दमेकऱ्यांची, मधुमेहींची, गरोदर बायकांची यादी करायची असते, आणि ते करायला पदावर माणूस लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटासाठी गावोगाव कायम माणसे पोसायची का? इथे रायगडचेच उदाहरण उत्तर देते. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रोगी उशाशी बसून पाहिले, नाडी, रक्तदाब, घाम, फुप्फुसात साचणारे पाणी यांच्या नोंदी ठेवल्या, आणि त्या नोंदी ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध या विषावर चालते, हे त्यांनी दाखवले आणि कोकणात लाल विंचवाने मरणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. तिथे मोठी प्रयोगशाळा नव्हती. रात्री जागेवर असलेला डॉक्टर होता आणि त्याची वही होती. साथीत लागणारे कसब नेमके हेच आहे. लेप्टो, डेंग्यू, हिवताप, सर्पदंश, अडलेले बाळंतपण यांत ही माणसे वर्षभर गुंतलेली असतात, ती रिकामी कधीच नसतात. सपाटीवर ५ हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. तिथले पद रिक्त राहिले तर साथ येण्याआधीच तिथली साथीची तयारी संपलेली असते.

केरळचा दाखला गावपातळीवरच्या तयारीसाठी वारंवार दिला जातो, आणि तो देताना तिथली साक्षरता, तिथला पैसा वेगळा असे म्हणून बाजूलाही ठेवला जातो. पण त्यातली एक गोष्ट उचलण्याजोगी आहे. १९९० च्या दशकात तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रे ग्रामपंचायतींकडे सोपवली गेली. २०१८ मध्ये कोझिकोड परिसरात निपाने १७ जणांचा बळी घेतला. २०२३ मध्ये तोच विषाणू त्याच जिल्ह्यात परतला तेव्हा सहा बाधितांवर साथ थांबली आणि दोघे दगावले. मधल्या पाच वर्षांत संपर्क शोधण्याची सवय मोडू दिली नव्हती. आपल्याकडे पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी स्थानिक संस्थांना आरोग्यासाठी देशभरात ७०,०५१ कोटी रुपये ठरवले. पैसा थेट स्थानिक संस्थांच्या नावाने आला, ही मोठी गोष्ट. आता ग्रामसभेत उपकेंद्राच्या रिक्त पदाचा प्रश्न गटाराच्या प्रश्नाइतक्या आवाजात विचारला गेला पाहिजे.

मुंबई जवळ आहे ना, हा आक्षेप अलीकडे वाढला आहे. १२ जानेवारी २०२४ ला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, आणि पनवेलजवळ आंतरराष्ट्रीय विमानतळही उभा राहिला. उरणच्या माणसाला शिवडी आता खरोखर हाकेच्या अंतरावर आहे. श्रीवर्धनच्या माणसाला नाही. त्याच्या आणि अलिबागच्या मध्येच राजपुरी आणि रेवदंड्याच्या खाड्या आहेत. शिवाय एप्रिल २०२१ मध्ये मुंबईतच खाटा नव्हत्या. त्या दिवसांत पेण तालुक्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यातून राज्यभरच्या रुग्णालयांना द्रवरूप प्राणवायू जात होता. पण कारखाना जिल्ह्यात असला म्हणून तो वायू जिल्ह्यातल्या रोग्याच्या नाकापर्यंत पोचत नाही. मध्ये टँकर लागतो, साठवण टाकी लागते, वॉर्डातली पाइपलाइन लागते आणि रात्री दोन वाजता दाब तपासणारा तंत्रज्ञ लागतो. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, त्याचा फायदा खाडीपलीकडच्या गावांना तेव्हाच मिळेल, जेव्हा तिथले शिकाऊ डॉक्टर श्रीवर्धन-म्हसळ्याच्या केंद्रांत नियमाने काम करतील.

आणि संगणक? रोगसर्वेक्षणाचे तक्ते आता आयएचआयपी या डिजिटल व्यवस्थेत भरले जातात. ताप, खोकला, जुलाब, कावीळ यांचे आकडे उपकेंद्रातून वर जातात आणि एखाद्या गावात आकडा चढला की वरच्याला दिसतो. व्यवस्था चांगली आहे. तिच्यात न दिसणाऱ्यांची अडचण मात्र तशीच आहे. तापाचा रोगी आधी खासगी डॉक्टरकडे जातो आणि तिथली नोंद वर जातेच असे नाही. त्याहून दूर आहेत ते कातकरी. दिवाळी संपली की रायगडमधल्या वाड्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर निघतात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. २०२० च्या टाळेबंदीत अनेक जण भट्टीवरच अडकले; वाडीच्या वहीत ते गैरहजर होते आणि भट्टीच्या गावाच्या वहीत त्यांचे नावच नव्हते. निघण्याआधी आरोग्यसेविकेने कुटुंबांची यादी, मुलांच्या लसी आणि क्षयाची औषधे घेणाऱ्यांची नावे लिहून घ्यावीत, आणि जिथे ही कुटुंबे जाणार तिथल्या उपकेंद्राला फोन करून कळवावे. त्या उपकेंद्राने आठवड्याच्या आत भट्टीवर जाऊन नावे ताडून घ्यावीत. यासाठी नवा कायदा नको, नवी इमारत नको. दोन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी ठरवले तर येत्या नोव्हेंबरातच हे सुरू करता येईल.