कंपनीचा विमा आणि मोडलेला पाय

एप्रिलात रत्नागिरीजवळच्या पावसला कुठल्याही आंब्याच्या कलमाखाली उभं राहा. वर फांदीत एक जण, हातात आंबे उतरवायची लांब काठीची घळ. खाली दुसरा आंबे क्रेटमध्ये लावतोय. आंब्याची फांदी कधी दगा देईल सांगता येत नाही. कुणी पडलं, मांडीचं हाड मोडलं, की घरात विम्याची शोधाशोध सुरू होते.

"वीस रुपयेवाला आहे की बँकेत!" हे ठरलेलं वाक्य. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये खात्यातून आपोआप जातात, हे खरं. पण पैसे मिळतात ते अपघाती मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे गेले तर २ लाख; एकच डोळा, हात किंवा पाय गेला तर १ लाख. मोडलेलं हाड काही महिन्यांनी जुळतं, आणि जुळणाऱ्या हाडाला इथे एक पैसाही नाही. शेतकरी कुटुंबांसाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे अपघात योजना आहे. तिचीही रक्कम मृत्यू आणि कायमचं अपंगत्व यांनाच बांधलेली. हाड जुळेपर्यंत किराणा कुठून आणायचा, हा प्रश्न दोन्हींच्या बाहेर राहतो.

ज्या घरातला मुलगा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत जातो, तिथे निश्चिंती जास्त. "कंपनीने विमा काढलाय, वेगळा कशाला?" कंपनीने नेमकं काय काढलंय, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं. बहुधा ते मेडिक्लेम निघतं. ते दवाखान्याचं बिल भागवतं, बुडालेला पगार नाही. पीएफला जोडलेला विमा तर फक्त मृत्यूनंतरच वारसाला मिळतो.

महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल, तर चित्र बरं आहे. कामावर, किंवा कामाला जाता-येताना अपघात झाला तर बरं होईपर्यंत सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के मिळतात. पण तोच मुलगा रविवारी घरच्या कलमावरून पडला तर? मग तो फक्त आजारपणाच्या लाभात बसतो: ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. झाड तेच, पाय तोच. वार बदलला की हिशोब बदलतो.

काही कंपन्या स्वतंत्र गट अपघात विमाही काढतात. तो घ्यावाच. फुकटात किंवा स्वस्तात मिळतो आणि वैयक्तिक चौकशीही फारशी होत नाही. "गट विमा म्हणजे नुसता देखावा" म्हणणाऱ्या एजंटचं मी तरी ऐकणार नाही. फक्त एचआरकडून तीन गोष्टी काढून घ्या: संरक्षण चोवीस तास की ड्युटीपुरतं, तात्पुरत्या अपंगत्वात आठवड्याला काही मिळतं का, आणि यादीत आपलं नाव आहे का. ठेकेदाराच्या हजेरीवर असलेल्या माणसाने तिसरा प्रश्न आधी विचारावा. गेटपास कंपनीचा असला म्हणून विमाही तिचा, असं नसतं. शिवाय ही पॉलिसी मालकाची. तो नूतनीकरणाला रक्कम कमी करू शकतो, आणि तुम्ही नोकरी सोडलीत की संरक्षण तिथेच संपतं.

म्हणून एक अपघात विमा स्वतःच्या नावावरचा हवा. १ एप्रिल २०२१ पासून सरल सुरक्षा विमा नावाची ठरावीक नमुन्याची अपघात पॉलिसी आली आहे, अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. मृत्यू आणि कायमचं अपंगत्व तिच्यात मुळातच आहे. तात्पुरत्या अपंगत्वाचा आठवडी भत्ता मात्र वेगळा मागून घ्यावा लागतो. तो विमा रकमेच्या ०.२ टक्के, म्हणजे १० लाखांवर आठवड्याला २ हजार. फार नाही, पण दूध-किराण्याची उधारी टळते. अर्जात धंदा खरा लिहा. झाडावर चढणाऱ्याने "दुकानदार" लिहून हप्ता वाचवला, तर दावा अडकायला तेवढं पुरतं. दारू पिऊन चढलेल्याचं तर बोलायलाच नको.

राहिला अर्धांगवायू. रक्तदाबाने एक बाजू लुळी पडली तर माणूस तितकाच घरी बसतो, पण अपघात विम्याच्या लेखी तो अपघातच नाही. त्यासाठी गंभीर आजारांची वेगळी पॉलिसी लागते.